चाळकेवाडीच्या सड्यावर दोन दुर्बिणी

पहाटे पाचला साताऱ्यात पोवई नाक्यावरून दाजींना गाडीत घेतलं आणि बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर दोन दुर्बिणी होत्या, दोन्ही रेंजफाइंडरवाल्या, म्हणजे बघता बघता लेझरनं अंतरही सांगणाऱ्या, दोन्ही १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणाऱ्या, पुढची काच ४२ मिलिमीटरची), पण किमतीत दुपटीहून जास्त फरक. महागडी दाजींच्या मुलानं जर्मनीहून आणलेली, दुसरी मधल्या किमतीची, मी ओळखीच्या दुकानदाराकडून चार दिवस वापरून बघायला आणलेली. घ्यायची कुठली ते मला ठरवायचं होतं आणि दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या बिल्डिंगकडं बघून ते ठरत नाही.

मला अंतर कशाला लागतं ते आधी सांगतो. ठोसेघर सोडून वर चढलं की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, लागतो, नजर जाईल तिथवर जांभा, वाळलेलं गवत आणि पवनचक्क्या. २०१८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच सड्यावरचा अभ्यास छापला, त्यात दिसलं की जिथं पंखे आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी आणि त्यामुळं सरडे जास्त. निळा-काळा-नारिंगी गळा फुगवणारा तो सरडा, शास्त्रीय नावसुद्धा आपल्या शब्दावरूनच ठेवलंय, सरडा सुपर्बा. ते वाचल्यापासून मी हिवाळ्यात महिन्यातून दोनदा एकाच दगडावर बसून पक्षी मोजतो. माझ्यापासून पक्षी किती लांब, पंखा किती लांब, होकायंत्रावर दोघांची दिशा, मग घरी येऊन कागदावर काढायचं. आजवर अंतर अंदाजानं लिहायचो आणि तो अंदाज मनाला कायम खात होता.

मार्चचा पहिला आठवडा, उजाडलं तेव्हा हवेत धुरकट होतं. पहिल्यांदा सरळ पंख्याच्या खांबावर बटण दाबलं. एकीनं ६४२ मीटर सांगितलं, दुसरीनं ६४३. दाजी म्हणाले, "मग काय, झालं की! स्वस्तातली घ्या." मलाही क्षणभर तसंच वाटलं. आतलं काम दोन्हीकडं एकच आहे ओ, लेझरचा ठोका जातो, आपटून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. ३०० मीटरवर जाऊन यायला सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन, एवढाच वेळ.

पण खांब मोठा आणि पांढरा, त्याच्यावर कुठलीही दुर्बीण पास होते. परदेशात ही यंत्रं मुख्यतः शिकाऱ्यांसाठी बनतात (आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद), म्हणून खोक्यावर बऱ्याचदा अंतराचे तीन आकडे असतात, चकचकीत वस्तूचं, झाडाचं आणि हरणाचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो पहिला, आपण बघायचा तो तिसरा, तोही यार्डात असेल तर मीटरमध्ये करताना जवळपास दहावा भाग कमी धरायचा.

साडेआठला उतारावरच्या गवतात एक हॅरियर, आपला भोवत्या, गवताळ रानातला शिकारी पक्षी, येऊन बसला. उडत्या पक्ष्यावर लेझर लागायचा भरवसा नसतो, बसला की घाई करायची. मधल्या किमतीचीनं २१२ दाखवलं, परत दाबलं तर ३९१, परत २१२. पुढं वाऱ्यानं हलणारे गवताचे तुरे होते, ती त्यांच्यावरच अडकत होती. झोत जेवढा रुंद तेवढं हे होणारच, एक मिलिरेडियनचा (हे कोनाचं माप) झोत किलोमीटरवर मीटरभर पसरतो. दाजींचीनं तीनदा ३९० च्या आसपासच सांगितलं. मग मी कोपर बॉनेटवर टेकून, श्वास धरून, तुऱ्यांच्या वरनं मधलीचा नेम धरला तर तिनंही ३९१ वर मुक्काम केला. म्हणजे जमतं, पण आपल्याला जास्त झटावं लागतं.

दुपारी भाकरी-ठेचा खाऊन दरीच्या कडेला गेलो. खाली बघताना कोन धरून आडवं अंतर दोन्ही देतात, ३० अंशाच्या उतारावर ३०० चे २६० होतात, आणि नकाशावर तेच लागतं. इथं काही फरक नाही. ऊन असेपर्यंत काचेतही फार नाही, मधलीत चित्राला किंचित हिरवट झाक होती एवढंच. ट्रेकला, जंगलात, दिवसाउजेडी काम करणाऱ्याला मधली भरपूर झाली, मी बिनधास्त सांगेन.

माझी खरी परीक्षा संध्याकाळी. भोवत्या दिवसभर एकेकटे फिरतात आणि अंधारून येताना गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात, ती पंधरा-वीस मिनिटंच माझ्या वहीची कमाई. सूर्य बुडाला, अकरा उतरले. भोवत्यांच्या दोन जाती, पांढुरका आणि माँटेग्यूचा, तपकिरी मादी यातली कुठली हे कानामागच्या फिकट कॉलरवरून बघायचं असतं. मधलीतून पक्षी दिसत होता, कॉलर नाही. दाजींनी न बोलता त्यांची माझ्या हातात दिली. ती लावली आणि तो फिकट पट्टा गळ्याभोवती दोऱ्यासारखा उठून आला, मग दुसरा, मग एक बिनकॉलरची. पुढची दहा मिनिटं मी डोळा काढला नाही, दाजी मोबाईलच्या उजेडात लिहून घेत होते.

आकडा दोन्ही देतात, पण तो कुणाचा हे अंधारात एकच सांगते. मधली उद्या परत देतोय. महागडीला तीन हजार डॉलरच्या पुढं मोजावे लागतात, त्याला मला अजून दोन वर्षं लागतील, आणि तेवढं थांबायला आता हरकत नाही, कारण निघायच्या आधी आम्ही दगडावरून दिसणारी चौदा ठिकाणं मोजून ठेवलीत. करवंदीची जाळी १८६, पडका बांध २७४, दोन फाट्यांचं झुडूप ३५५, पहिला पंखा ६४२. पुढच्या अमावस्येच्या आधी परत जायचंय, दाजींनी रजा टाकलीसुद्धा.