चढाला एक, उताराला एक

धुळ्यात थंडी पडते ती पहाटेपुरती. कृषी महाविद्यालयातल्या नोंदीत पारा ६ अंशांवर आला की पेपरात शेकोटीच्या फोटोसकट बातमी येते आणि ती बातमी वाचणारा माणूस दुपारी आग्रा रोडवर सावलीच्या कडेकडेने चालत असतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमीन भराभर गार होते आणि दिवसा तितक्याच भराभर तापते. अशा गावात सायकलवाल्याने हिवाळ्यात काय घालावं, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. काय काढता येईल आणि काढलेलं कुठे कोंबायचं, हे आधी ठरवावं लागतं.

देवपुरातून निघालं की पहिला तडाखा पांझरेच्या पुलावर बसतो. थंड हवा जड, ती रात्रभर पात्रात उतरून बसलेली असते. इथे हमखास वाटतं, घरी ठेवलेला जाड स्वेटर घालायला हवा होता. वाटू द्यावं. निघताना थोडं कुडकुडायला झालं तरच कपडे बरोबर आहेत. दारातच ऊब वाटत असेल, तर लळिंगच्या चढावर ती ऊब घाम होऊन पाठीवरून ओघळणार.

आणि खरा घात हा घामच करतो. सुती बनियन उन्हाळ्यात कितीही गुणाचं असलं तरी हिवाळ्यात ते ओलं होतं आणि ओलंच राहतं. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे चढावर कमावलेली सगळी ऊब ते बनियन उतारावर उधळून टाकतं. म्हणून अंगाला लागून घाम बाहेर टाकणारी पातळ पॉलिस्टरची बंडी घालावी. तिला वास फार लवकर येतो, ही तक्रार घरातले करतात, आणि ती रास्त आहे. त्यावर पातळ लोकरीचं काहीतरी. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. दर हिवाळ्यात तिबेटी विक्रेते रस्त्याकडेला स्वेटर मांडून बसतात, तिथे जाडजूड सोडून पातळ, पुढे चेन असलेला मागितला की ते जरा निराश होतात. पण चेनच महत्त्वाची. चढावर ती हँडल न सोडता खाली ओढता येते.

घाट चढताना वारा जाणवत नाही, उतरताना तोच मालक होतो. ६ अंशांत ताशी ३० किलोमीटरने उतरलात, तर उघड्या चेहऱ्याला जवळजवळ १ अंशासारखं वाटतं. तेव्हा वारा अडवणारं विंडचीटर हवं. घडी केली की मुठीत मावणारं, आणि वर चढून गेल्यावरच चढवायचं. युरोपात जुने शर्यतवाले घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर जर्सीत सरकवत. ही युक्ती आपल्याकडे चोख चालते. रविवारची पुरवणी असेल तर उत्तम, जाहिरातींच्या पानांनी चांगला थर होतो. थंडीची बातमी असलेलं पान मात्र आतल्या बाजूला ठेवू नये, उगाच गार वाटतं.

कानांसाठी आपली माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही. तिचा गोंडा तर अजिबात नाही. गळ्यापासून कानांवर ओढता येणारा पातळ बफ घ्यावा. हातमोजे पूर्ण बोटांचे, पण ब्रेकची पकड जाणवेल इतपतच जाड. पायांचं काही करू नका असं माझं मत आहे. दोन मोज्यांनी बूट घट्ट होतो, रक्त कमी फिरतं आणि बोटं जास्तच गारठतात.

नऊ वाजता परतीच्या चहाच्या टपरीवर ऊन चांगलं चटकायला लागलेलं असतं. मी विंडचीटर काढतो, हातमोजे काढतो, बफ गुंडाळतो, छातीतून पुरवणी उपसतो आणि जर्सीच्या मागच्या तिन्ही खिशांत बसवत राहतो. अंगावर नुसती हाफ बंडी आणि डोक्याला रुमाल असलेले टपरीवाले आप्पा हे सगळं शांतपणे बघतात.

"काढानंच व्हतं तं घालं कसाले रे भाऊ?"

एवढं बोलून ते पुरवणी मागून घेतात. भजी बांधायला कागद संपलेला असतो.