तुम्ही विचारलंत म्हणून: बारावीच्या वर्गाची आठवणींची पुस्तिका

‘आमच्या बारावीच्या वर्गाची पुस्तिका काढायची आहे, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न गोव्यातल्या हायर सेकंडऱ्यांतून नेहमी येतो आणि बहुधा जानेवारीत येतो. तेव्हा प्रिलिम चालू असते, जर्नलं सह्यांसाठी फिरत असतात आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असते. अशा वेळी मुलांकडून चार ओळीही निघत नाहीत. म्हणून चवथीच्या सुट्टीआधी प्रश्न वाटा, दिवाळीपर्यंत मजकूर गोळा करा आणि १५ डिसेंबरला पानं लावून मोकळे व्हा. डिसेंबरात छापखाने कॅलेंडर-डायऱ्यांत अडकलेले असतात. नाताळ झाला की छपाई, आणि निरोप समारंभाला पुस्तिका हातात.

‘प्रश्न वाटा’ हे मुद्दाम म्हटलं. ‘या वर्षाची आठवण लिहा’ एवढंच सांगितलं तर पानोपानी ‘सोनेरी दिवस’ आणि ‘शाळा म्हणजे दुसरं घर’ येतं. हुशार मुलंही तेच लिहितात, कारण निबंधात तेच लिहून गुण मिळालेले असतात. त्यापेक्षा विचारा: सकाळी कुठल्या बसनं यायचास, आणि ती चुकली की घरी काय सांगायचास? मधल्या सुट्टीत भाजीपाव की सामोसा, आणि पैसे कोण द्यायचं? पावसात वर्गातला कुठला बाक भिजायचा? प्रॅक्टिकलला काय फुटलं? या चारांपैकी दोनच प्रश्नांची उत्तरं मागा, ७० शब्दांत. विचित्र वाटेल, पण शब्दमर्यादा कमी केली की मुलं नेमकं लिहितात.

मजकूर येईल तो मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तीन भाषांत. येऊ दे. घात होतो तो तपासताना. कोंकणीतलं ‘भुरगें’, ‘केलें’ पाहून मराठी नजर तो अनुस्वार जुन्या शुद्धलेखनाचा समजून उडवते, ‘म्हज्या’चं ‘माझ्या’ करते. कोंकणी मजकूर कोंकणी शिकवणाऱ्या बाईंनाच दाखवा. रोमी लिपीत, म्हणजे रोमन अक्षरांतल्या कोंकणीत, आलेला लेख तसाच छापा, देवनागरीत बसवत बसू नका.

नावांवर मात्र कंजूषपणा न करता वेळ घाला. नाईक की नायक, गावकर की गांवकर, शेट्ये की शेटये, डिसोझा की डिसौझा, यात ‘बरोबर’ काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हजेरीपट इंग्रजीत असतो. त्यावरून कुणी अंदाजानं देवनागरी केली की चार-पाच नावं हमखास चुकतात. प्रत्येकाकडून त्याच्या अक्षरात नाव लिहून घ्या आणि पानं लागल्यावर त्याच्याच नावापुढं त्याची सही घ्या. मजकुरातली चूक लोक विसरतात, नावातली चूक आई विसरत नाही.

कार्यालयात जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. ‘वर्ग’, ‘प्राचार्य’, ‘विद्यार्थी’ एवढे शब्द आधी पाहा, तिथंच दिसेल.

ग्रुप फोटो सकाळी साडेआठच्या सुमारास, इमारतीच्या सावलीत. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं येतं आणि पांढरा युनिफॉर्म इतका चमकतो की चेहरे अंधारात जातात. मोबाईल जवळ धरून सगळ्यांना बसवलं की कडेची मुलं रुंद होतात, तेव्हा मागं सरा आणि दुप्पट झूम लावा. दहा फोटो घ्या, प्रत्येकात कुणीतरी डोळे मिटतोच. ओळी मोडायच्या आत एक कागद प्रत्येक ओळीतून फिरवा आणि डावीकडून उजवीकडं नावं लिहून घ्या. हे राहिलं तर नंतर ‘मागच्या ओळीत तिसरा कोण’ यावर अख्खी दुपार जाते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, एरवी तो आकसतो. ए-फाईव्हच्या दोन पानांवर पसरायचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३,५०० पिक्सेल रुंद लागतो.

आता पानांचा हिशेब. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या, पुस्तिकेत पानं चारच्या पटीत हवीत. ४८ मुलं, प्रत्येकाला अर्धं पान, म्हणजे २४ पानं. शीर्षक-अनुक्रमाची २, शिक्षकांची २, ग्रुप फोटोची २, सह्यांसाठी कोरी २ आणि सरस्वतीपूजनापासून गॅदरिंगपर्यंतच्या वर्षाची ८. झाली ४०, कव्हर वेगळं. ग्रुप फोटो बरोबर मधल्या, म्हणजे २०-२१ या पानांवर टाका. ती दोन पानं एकाच कागदावर छापली जातात. इतरत्र जोडीची पानं वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि घडीत कुणाचं तरी नाक दीड मिलिमीटर सरकतं. चोहोबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई) ठेवा, मजकूर कडेपासून १० मिलिमीटर आत. पिन मारल्यावर मधली पानं बाहेर येतात आणि ट्रिमिंगला तीच जास्त कापली जातात.

आत १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचा गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हर ३०० जीएसएम. शंभरेक प्रती असतील तर डिजिटल प्रिंटिंग, पाचशेच्या पुढं ऑफसेट. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मळका उतरतो, म्हणून कव्हर निळं करण्याआधी एक प्रूफ काढून बघा. गोव्याच्या दमट हवेत एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं. गठ्ठे उघडे ठेवू नका, वाटेपर्यंत सपाट आणि वजनाखाली ठेवा.

बारावीतली बहुतेक मुलं अठराच्या आतली. फोटोसाठी पालकांची सही घ्या, पत्ते आणि फोन नंबर छापू नका.

सह्यांची पानं आर्ट पेपरवर नकोत. त्यावर जेलपेनाची शाई सुकत नाही, हात लागला की पसरते. तिथं मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचमकीचा कागद हवा. वेगळा कागद सेंटर पिनमध्ये एकतर सगळ्यांत बाहेर बसतो नाहीतर मधोमध, आणि मध्ये ग्रुप फोटो आहे. तेव्हा बाहेरचा कागद मॅपलिथो घ्या: पुढच्या दोन पानांवर शीर्षक आणि अनुक्रम, मागची दोन कोरी. निरोपाच्या दिवशी चार-पाच बॉलपेनं जवळ असू देत.