आमची वाटचाल: क्लोरीन सांभाळणारा उत्प्रेरक

अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती वापरून झालेल्या उत्प्रेरकातून प्लॅटिनम आणि पॅलेडियम परत काढून द्यायच्या कामाने. ड्रम यायचे, कार्बन जाळायचा, राखेतून धातू काढायचा. पण ड्रम पाठवणारे कारखानदार बोलायचे ते वेगळ्याच दुखण्याबद्दल: क्लोरोनायट्रोबेंझिनपासून क्लोरोअ‍ॅनिलिन हा रंग-औषधांचा कच्चा माल करताना क्लोरीनच सुटून जातो.

त्या दुखण्यानेच आम्हाला उत्प्रेरक बनवायला लावलं. नायट्रो गटाला (रेणूतला नायट्रोजन-ऑक्सिजनचा भाग) हायड्रोजन द्यायचा, त्याच रेणूवरच्या क्लोरीनला मात्र धक्का लावायचा नाही. तो सुटला की साधं अ‍ॅनिलिन तयार होतं, मालाची शुद्धता जाते आणि सोबत निघालेलं हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलचा ऑटोक्लेव्ह (दाबाखाली अभिक्रिया करायचं बंद भांडं) खातं.

बाजारात विचारणा एकच: "पाच टक्के ना? रेट काय?" पाच टक्के हे कार्बनवर बसवलेल्या प्लॅटिनम धातूचं वजन झालं. कार्बनवर तो केवढ्या कणांनी बसलाय, हे त्यात कुठे कळतं? दोन नॅनोमीटरच्या प्लॅटिनम कणात जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर असतात; धातू पुरेपूर वापरला जातो. पण कण जितका बारीक, तितके कडा-कोपऱ्यांवरचे अणू जास्त. त्यामुळे या अभिक्रियेत थोडे मोठे कण क्लोरीन चांगला सांभाळतात. ग्रॅममागे पृष्ठभाग कमी मिळतो, तरी आम्ही जाणूनबुजून तीच वाट धरली. क्षपणाचं (क्षारातून धातू तयार करण्याचं) तापमान आणि द्रावणाचा पीएच यांवर कणाचा आकार ठरतो, म्हणून आमची सगळी मेहनत तिथे असते.

निवडकतेसाठी, म्हणजे हवी तेवढीच अभिक्रिया व्हावी यासाठी, धातूला लगाम घालणं नवं नाही. रसायनशास्त्रज्ञ लिंडलार यांनी 1952 मध्ये पॅलेडियमवर शिसं चढवलं आणि कार्बनमधल्या तिहेरी बंधाला हायड्रोजन देणं दुहेरी बंधावरच थांबवलं.

एका बाबतीत मात्र आम्ही ग्राहकाशी तडजोड करत नाही. नायट्रो गटाचं अमाइन (नायट्रोजन-हायड्रोजनचा गट) होताना मधे हायड्रॉक्सिलअमाइन बनतं. ते साचलं आणि तापलं तर स्फोटाचा धोका असतो. त्यामुळे क्लोरीन कितीही छान टिकला, तरी हायड्रॉक्सिलअमाइन साचू देणारा उत्प्रेरक आमच्याकडून बाहेर जात नाही. व्हॅनेडियम या धातूची थोडी जोड दिली की हे साचणं बरंच कमी होतं.

आता प्रत्येक नव्या ग्राहकाकडून आधी त्याचाच कच्चा माल मागवतो. त्यातला उत्प्रेरक निकामी करणारा गंधक तपासतो, त्यावर चाचणी घेतो आणि मगच भाव सांगतो.