इनाकादाते: भातखाचरातली मोनालिसा

तोक्योहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेननं जपानच्या उत्तरेतलं शिन-आओमोरी, तिथून हिरोसाकी आणि पुढे कोनान रेल्वेची छोटी गाडी. खिडकीबाहेर सफरचंदाच्या बागा, भाताची खाचरं आणि पाठीशी इवाकी पर्वत. या मार्गावर २०१३ साली एक नवं स्टेशन झालं, त्याचं नावच ‘तानबो आर्ट’. तानबो म्हणजे भातखाचर, आणि तानबो आर्ट म्हणजे रंगीत भाताच्या रोपांनी खाचरात काढलेलं चित्र. खाचराच्या नावानं रेल्वे स्टेशन, हेच मला फार आवडलं.

२०२२ च्या जुलैअखेरीस ही चित्रं पाहायला आम्ही इनाकादाते या गावी गेलो. गावाच्या कार्यालयाची इमारत जपानी किल्ल्यासारखी बांधलेली आहे. तिच्या सज्जावर जाऊन खाली पाहिलं आणि काही वेळ कुणीच बोललं नाही. सुमारे दीड हेक्टरच्या खाचरात लिओनार्दोची मोनालिसा आणि शेजारी कुरोदा सेइकी या जपानी चित्रकाराची ‘तळ्याकाठी’तली स्त्री. रंगाचा थेंब नाही, सगळं भात. हिरवा, गडद जांभळा, पिवळा, पांढरा, नारिंगी, लाल, प्रत्येक रंगाचं वाण वेगळं. वारा आला की मोनालिसाच्या केसांतून लाट जायची.

इनाकादातेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भातशेतीचे अवशेष सापडलेत. लोकांनी गावाकडे आणि भाताकडे वळावं म्हणून १९९३ मध्ये गावकऱ्यांनी तीन रंगांच्या भातातून इवाकी पर्वत काढला. पुढे जवळजवळ दहा वर्षं दरसाल तोच पर्वत. २००३ मध्ये पहिल्यांदा मोनालिसा लावली आणि ती वरून पाहताना बेढब, रुंद दिसली. कारण सज्जावरून आपण खाचर तिरकं पाहतो. लांबचा भाग आखडतो, जवळचा पसरतो. तेव्हापासून चित्र मुद्दाम ताणून आखतात. आधी संगणकावर आराखडा, मग मोजणी करून खाचरात खुंट्या, खुंट्यांमधून रेषा. विमानातून पाहिलं तर चेहरा लांबुडका दिसेल. सज्जावरून मात्र अगदी नेमका. म्हणजे २०२२ ची मोनालिसा ही एकोणीस वर्षांनी पुन्हा घेतलेली परीक्षाच होती, आणि गाव त्यात उत्तम उत्तीर्ण झालंय असं माझं मत.

खाली उतरून बांधापाशी गेलो तर चित्र नाहीसं. समोर नुसतं भात, इथे जांभळं, तिथे हिरवं. मी मावळातली. लावणीला कमरेत वाकून, पायाखालचा चिखल आणि हातातली मूठ एवढंच दिसतं हे मला ठाऊक आहे. इथे लावणीला मे-जूनमध्ये हजाराहून जास्त माणसं बाहेरून येतात. त्यांतल्या कुणालाही आपण डोळा लावतोय की पदर, हे लावताना दिसत नाही. खुंटीवर विश्वास ठेवून ते एकेक रोप रोवत जातात. सज्जावरच्या गर्दीत मला राहून राहून त्या वाकलेल्या पाठीच आठवत होत्या. चित्र कुणाचं, असं मला विचारलं तर मी आधी त्यांचं नाव घेईन.

गावात दुसरंही एक खाचर आहे, स्टेशनच्या बाजूला. तिथे खड्यांची चित्रंही मांडतात. ती सुबक आहेत, पण भात पाहिल्यावर माझं मन त्यांत रमलं नाही.

जाणार असाल तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य गाठा. नंतर लोंब्या पिकतात, रंग उतरत जातात आणि शरदात कापणी होते. इतक्या लांब जमणार नसेल तर पुण्याजवळ डोणजेला वनस्पती-अभ्यासक श्रीकांत इंगळहळीकर २०१६ पासून रंगीत भाताची चित्रं लावत आलेत, तीही जपानच्या या चित्रांवरून स्फूर्ती घेऊन. सिंहगडाच्या वाटेवरचं ते खाचर मी अजून पाहिलेलं नाही. या पावसाळ्यात घरी आले की आईला घेऊन तिथे जाणार आहे. भाताचं कोणतं वाण कसं फुटतं, हे तिच्याइतकं मला कळत नाही.