कांडिता मधला ड

आजी जात्यावर बसली की मला गोधडीतूनच कळायचं आज तिचं मन कसंय ते. सगळे शब्द कुठं ऐकू यायचे, मधे भिंत, वर पत्रे, नुसती जात्याची घरघर आणि तिचा आवाज. मूठभर दाण्यांची वैरण घातली की जातं जड व्हायचं, तिचा सूर पण खाली यायचा, दाणे संपत आले की हात मोकळा फिरायचा मग ओवीही मोकळी व्हायची. पण भावाची ओवी आली की 'बंधू' मधला अनुस्वार नाकातच रेंगाळायचा. तिचा भाऊ गेला त्या वर्षी तर हा शब्द संपायचाच नाही. दिवसा मात्र कोणापुढं चकार शब्द नाही. घरात सासू, दीर, जावा, बोलणार कुठं? जे बोलायचं ते पहाटे जात्यापाशी.

परवा काव्यशास्त्र वाचायलो होतो. अकराव्या शतकातला मम्मट म्हणतो की माधुर्य पाहिजे असेल तर ट ठ ड ढ टाळा, ही अक्षरं ओजाची, वीररसाला शोभणारी. संस्कृतात असेल तसं, पण मला लगेच आमच्या परभणी जिल्ह्यातली, गंगाखेडची जनाबाई आठवली. 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता'. आता म्हणून बघा मोठ्यानं. कांडिता मधे ड आहे की नाही, तोही ठसठशीत, तरी किती माया आहे त्या ओळीत! मला वाटतं त्या ड च्या आधी जो नाकातला ण् येतो ना तो ड ला कुशीत घेतो, आणि दळिता मधला ळ जीभ मागं वळवून असा सुटतो की गोल फिरल्यासारखंच वाटतं, वर तीनदा येणारा तो लांब 'ता', दर 'ता' ला खुंटा फिरून आपल्याकडं आल्यासारखा. कष्ट आणि देव एकाच श्वासात. अर्थ नंतर कळतो, आधी अंगाला कळतं.

आजी गेल्यावर मी पहिली ओळ लिहिली होती, 'तुझ्या जाण्याने दाटला अंतरी शोक'. खरं दुःख होतं हो, पण ओळ कोरडीच राहिली. कितीदा वाचल्यावर लक्षात आलं, 'शोक' क वर खटकन बंद होतो, दार लावल्यासारखा, रडायला जागाच नाही. आणि तो शब्द आमच्या घरात कोणी कधी बोललेलाच नाही, मग त्यात मी कसा सापडणार? महिनाभरानं लिहिलं:

जातं थांबलं, माय
पीठ सांडलं, माय

आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापायली होती, हात थांबला तिचा. जरा वेळानं म्हणाली, "ते सांडलं परत म्हण रे बाबा."