4, 8, 5

प्रश्न दहा मार्कांचा होता: 'युरोपीय संघाच्या विस्ताराचा इच्छुक देशांवर होणारा परिणाम स्पष्ट करा.' मॉडेल आन्सर मीच काढलेलं. 1993 चे कोपनहेगन निकष (संघात यायच्या अटी), वाटाघाटींची 35 प्रकरणं, 2004 ला आत आलेले 10 देश, बाजारपेठ, निधी. मुद्द्याला जास्तीत जास्त दोन मार्क.

पेपर तपासताना आम्ही वाचत नसतो, शब्द शोधत असतो. 'कोपनहेगन' दिसलं की टिक.

एका पेपरात कोपनहेगन नव्हतंच. दोन पानं नुसता उत्तर मॅसेडोनिया. 2005 ला उमेदवार देशाचा दर्जा. नावाला ग्रीसची हरकत, म्हणून ग्रीसशी 2018 चा प्रेस्पा करार आणि 2019 च्या फेब्रुवारीत देशाचं नावच बदललं. त्याच ऑक्टोबरात फ्रान्सने अडवलं, 2020 ला भाषा-इतिहासावरून बल्गेरियाने. 2022 ला वाटाघाटी सुरू झाल्या, तर नवी अट: राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख घाला. आणि शेवटी, एक ओळ सोडून: 'आमचं गाव हद्दवाढीत यायला नको म्हणतंय. या देशाने यायचं म्हणून नाव बदललं, तरी घेतलं नाही.'

1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचा वाद कोल्हापूरच्या पाचवीला पुजलेला. पण मला तो या प्रश्नात कधी दिसला नव्हता.

मी आधी 4 दिले होते. पुढचे तीन पेपर झाले, मन लागेना. मागे जाऊन 8 केले.

मॉडरेटर सरांनी तोच पेपर उचलला. "मॅडम, यात हद्दवाढ कुठनं आली?"

"सर, आत जाण्याआधीच कायदे, न्यायालयं, शेजाऱ्यांशी करार, सगळं बदलावं लागतं. तोच तर परिणाम."

"मान्य. पण पाचही मुद्दे लिहिलेल्या पोराला तुम्ही 6 दिलेत. त्याला काय सांगायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर कडक आहेत, पण चुकीचे नव्हते. चुकलं होतं माझं मॉडेल आन्सर. त्यात फक्त आत पोचलेले देश होते, तेही भरभराटीपुरते. क्रोएशिया 2013 ला आत गेला. 2011 च्या जनगणनेतले जवळपास 43 लाख लोक 2021 ला 39 लाखांच्या खाली आले, कितीतरी तरुण जर्मनी-आयर्लंडला गेले. हे मी वर्गात शिकवते. मॉडेल आन्सरमध्ये घातलं नव्हतं.

शेवटी 5 वर मिटलं. सीट नंबर पट्टी चिकटवून झाकलेला, म्हणजे पोरगं कोण ते कळायची सोय नाही. त्या पानावर तीन आकडे आहेत, दोन खोडलेले, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक खोडीशेजारी माझी सही.