तिसरी तार

तर घेतली एकदाची. सेमी-हॉलो गिटार! वर्षभर नुसतं ऐकणं आणि वाचणंच चाललं होतं, कारण जॅझ म्हटलं की सगळे मोठ्या पोकळ गिटारींबद्दल बोलतात, जॅझ गिटारिस्ट वेस माँटगोमेरीची एल-५, जो पासची ईएस-१७५, आणि तो आवाज मलाही हवाच होता, पण मी वाजवतो ड्रम्सच्या शेजारी बसून आणि आवाज जरा वाढवला की पोकळ गिटार अँपसमोर कशी घुमायला लागते ते मित्राच्या गिटारीवर चांगलंच अनुभवलं होतं.

सेमी-हॉलो यावरच काढलेला तोडगा आहे. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये ईएस-३३५ आणली तेव्हा पातळ बॉडीच्या आत मधोमध लाकडाचा एक लांब ठोकळा घातला, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) आणि ब्रिज (तारा टेकतात तो भाग) त्याच्यावर बसतात, पोकळ राहतात त्या फक्त दोन बाजू. त्यामुळे अँपच्या आवाजाने वरची फळी एवढी थरथरत नाही. फक्त घेताना नीट बघा, दिसायला तशाच असणाऱ्या काही गिटारींमध्ये हा ठोकळा नसतोच, उदाहरणार्थ ईएस-३३० किंवा एपिफोनची कसिनो. त्या वाईट अजिबात नाहीत, जॅझ गिटारिस्ट ग्रँट ग्रीनने ३३० वर काय सुंदर वाजवलंय, पण फीडबॅक, म्हणजे ते घुमणं, टाळण्यासाठी सेमी-हॉलो घेताय तर वरच्या फळीतल्या f आकाराच्या भोकातून (एफ-होल) आत डोकावून ठोकळा आहे ना ते बघाच.

निवडताना मी अँप उशिरा लावला. आधी तशीच मांडीवर घेऊन प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, आडव्या पट्ट्या) वाजवली, कुठे खरखर येते का ऐकलं, मग फक्त नेकजवळचा पिकअप आणि मधल्या फ्रेट्सवर साधे तीन सुरांचे कॉर्ड. जी घेतली तिच्यात हे कॉर्ड सुटे सुटे ऐकू येत होते, गिचमिड नव्हती.

पण घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत खटकायला लागलं. टोन नॉब चारच्या खाली आणल्याशिवाय आवाज गोल होईना, आणि तेवढा खाली आणला की सगळंच घोंगडीखालून आल्यासारखं. गिटार चुकली की काय असं वाटलं, पण दोष तारांचा होता. कंपनीतून १०-४६ च्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे जाड तारांवर गोल तारेचं वेटोळं असलेल्या, तारा आलेल्या, त्यात तिसरी तार साधी, वेटोळं नसलेली. आता जॅझमधले छोटे कॉर्ड बघा, सहावी, चौथी आणि तिसरी तार किंवा पाचवी, चौथी, तिसरी. म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे सांगणारा सूर आणि सातवा सूर, हे दोघं चौथ्या-तिसऱ्या तारेवर बसतात. त्यातली एक वेटोळ्याची, गंभीर आणि दुसरी जाड साध्या पोलादाची, टणक, मग ते दोन सूर एकमेकांत मिसळणार कसे?

म्हणून फ्लॅटवाउंड लावल्या, डॅडारिओ क्रोम्स ११-५०. यात तिसरी तार २२ ची, वेटोळ्याची, आणि वेटोळं गोल तारेचं नसून चपट्या पट्टीचं, त्यामुळे बोट सरकताना होणारा चर्र आवाज जवळजवळ गेलाच. ११ जड जाईल अशी भीती होती पण या गिटारीची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४.७५ इंच आहे, २५.५ वाल्या गिटारीपेक्षा तोच सेट त्याच सुरात साधारण ६ टक्के कमी ताणाने बसतो. एक गोष्ट मात्र गेली, तिसऱ्या तारेवर पूर्ण सुराचा बेंड (तार ओढून सूर चढवणं) आता जमत नाही म्हणजे नाही. ब्लूज जास्त वाजवणाऱ्याने साधी तिसरी तारच ठेवावी, माझं स्पष्ट मत आहे.

तारा एकेक करूनच बदला, सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज सुटून हातात येतो. नटची (नेकच्या टोकाला तारा बसतात ती पट्टी) तिसरी खाच जाड तारेला पुरेना, ट्यून करताना तार अडकून टक्क करून सुटायची, ती थोडी रुंद करून घ्यावी लागली. ताण वाढल्याने नेक वाकली तर नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, पाव फेरा फिरवा आणि थांबा, लगेच पुढे फिरवू नका. आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागतो का, ते परत बघायचंच, कारण वेटोळ्याच्या तिसऱ्या तारेचा गाभा बारीक असतो, बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता हलका स्पर्श करून काढलेला सूर) खाली येतो आणि तिचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा टेकू) नेकच्या दिशेने सरकवावं लागतं. माझं चांगलंच सरकलं.

आता रोज संध्याकाळी तेच दोन-पाच-एक (जॅझमधला कॉर्डचा नेहमीचा क्रम) वाजवतोय, हळू, अँप अगदी कमी, आणि चौथी-तिसरी तार एकत्र वाजली की एकाच गळ्यातून आल्यासारखी वाटते. टोन नॉब सातवर आहे.